पडद्यामागचा माझा आवाज

मी गोटीराम बोलतोय. नाव ऐकून गावाकडचा एखादा म्हातारा डोळ्यांपुढे आला असेल, तर जरा थांबा. मी प्लास्टिकचा आहे. नाशकातल्या द्वारका चौकापासून आत वळलेल्या एका गल्लीत नर्सिंगचं शिक्षण देणारी एक संस्था आहे. तिथल्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर, मी वर्षानुवर्षं आजारी पडलो होतो. कागदोपत्री मला डमी म्हणतात. माझं गुळगुळीत टक्कल बघून मुलींनी गोटीराम हे नाव ठेवलं. टकल्या माणसाला नाव ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

लांबच्या एका कारखान्यात मी साच्यातून निघालो. आधी हात, मग धड, मग पाय. डोकं सगळ्यात शेवटी बसवलं, आणि काही जणांचं तसंच असतं असं म्हणून तिथले कामगार हसले. माझ्या पापण्यांना एक बारीक वजन लावलेलं आहे. मला बसवलं की डोळे उघडतात, आडवं केलं की मिटतात. आजारी माणसाला बसवायचं कुणाला सुचत नाही, त्यामुळे मी कायम झोपलेलाच दिसतो. खरं सांगायचं तर मी आजवर कधीही झोपलेलो नाही. मिटल्या पापण्यांआडूनही मला सगळं दिसतं.

नाशकात आलो तो टेम्पोतून. वाटेत माझं खोकं फाटलं, म्हणून ड्रायव्हर पुंजाने मला उचलून आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि पडू नये म्हणून उपरण्याने बांधलं. द्वारकेला नेहमीसारखी गाड्यांची दाटी. एक पेरूवाला खिडकीशी आला, माझ्याकडे बघून म्हणाला, “बाबाला काय झालं?”

“काय नाय, जरा नरम हाय तब्येत,” पुंजा म्हणाला.

“दवाखान्यात दाखवा लवकर,” असं म्हणून पेरूवाला पुढच्या गाडीकडे गेलासुद्धा. माणसांची विचारपूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. सिग्नल सुटेपर्यंत ती असते.

मग माझं आजारपण सुरू झालं. इंजेक्शनं टोचून टोचून माझ्या दंडाची चाळण झाली. नसलेल्या जखमांवर पट्ट्या बांधल्या गेल्या, नको त्या ठिकाणी नळ्या घातल्या गेल्या. मुली माझी कूस बदलायच्या, मला पुसायच्या आणि गप्पा मारता मारता कधी कधी माझा हात उलटा बसवून जायच्या. मी तक्रार केली नाही. कुणाचा तरी हात थरथरायचा थांबावा म्हणूनच तर माझा जन्म होता.

टोचण्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते इंग्रजीचं.

आमच्या खोलीच्या दारावर पाटी होती: इथे फक्त इंग्रजी बोलावे. ती दीपमाला मॅडमनी लावली होती. मॅडम मूळच्या नांदगावच्या. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेल्या तेव्हा प्रश्न समजला होता, उत्तर येत होतं, पण जीभ वळली नाही. त्यांच्यापेक्षा निम्मं काम येणारी मुलगी ती नोकरी घेऊन गेली. हे त्या दर वर्षी नव्या मुलींना सांगायच्या आणि सांगताना अजूनही त्यांचा आवाज कापायचा. “तुमचं काम बघायच्या आधी लोक तुमचं इंग्रजी बघतात,” त्या म्हणायच्या. बाई दुष्ट नव्हती हो. आपल्याला लागलेली ठेच मुलींना लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

त्यांनी एक पद्धत बसवली. माझ्या खाटेच्या डोक्याशी हिरवा पडदा लावला. एक मुलगी नर्स होऊन माझ्यासमोर उभी राहायची आणि दुसरी त्या पडद्यामागे बसून माझा आवाज व्हायची. तिच्या हातात एक कार्ड असायचं. आज मला दमा आहे, उद्या कावीळ, परवा पाय मोडलाय. समोरच्या मुलीने इंग्रजीत विचारायचं, मागच्या मुलीने माझ्या वतीने इंग्रजीत कण्हायचं. माझ्या दुखण्याबद्दल सगळे बोलायचे, मी सोडून.

त्या इंग्रजीने मुलींचे जे हाल केले ते मी जवळून पाहिले आहेत. बरं नाही हे सांगायला ‘अंडर द वेदर’ म्हणतात असं कळल्यावर अर्धा वर्ग खिडकीतून आभाळ बघायला लागला. ‘कीप ॲन आय ऑन द पेशंट’ आलं तेव्हा स्नेहल फस्सकन हसली. ही मखमलाबादकडची, घरी झेंडूचे आणि कोथिंबिरीचे वाफे. “पेशंटवर डोळा ठेवायचा? आमच्या झेंडूवर चोर ठेवत्यात डोळा,” ती शेजारणीच्या कानात म्हणाली आणि मराठी बोलली म्हणून तास संपेपर्यंत माझ्या खाटेशी उभी राहिली.

त्या शेजारणीचं नाव तृप्ती. सुरगाण्याच्या डोंगरातली. वडील बारकू भात आणि नागली पिकवायचे, आणि पीक घरात आलं की सगळं घर जीपमध्ये बसून दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला यायचं. म्हातारी आजी भिमाबाई, तीही त्याच जीपमध्ये, पोरीबाळींच्या मांडीवर पाय ठेवून. तृप्तीला नाशकातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी हवी होती. एक खोली घ्यायची, आजीला तिथे आणायचं आणि तिचा तो जीपचा फेरा बंद करायचा. हे तिने मला सांगितलं होतं, माझी चादर बदलताना. मला सगळ्याच मुली काहीबाही सांगायच्या. त्यांच्या चुका न काढणारा खोलीत मी एकटाच होतो.

धोका टळलेल्या रोग्याला ‘आउट ऑफ द वुड्स’ म्हणतात, जंगलातून बाहेर आला, असं मॅडमनी शिकवलं त्या दिवशी तृप्तीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिच्याकडे माणूस बरा व्हायला जंगलात जातो. आणखी एकदा तिने विचारलं होतं, “मॅडम, आमच्याकडे ताप येतो, मग जातो. इंग्रजीत ‘आय हॅव अ फीवर’ म्हणजे तो आपल्याजवळच असतो का?” मॅडम हसल्या. म्हणाल्या, “मुलाखतीत असले प्रश्न विचारायचे नसतात.”

पण सगळ्यात अवघड धडा सगळ्यात सोपा दिसत होता. ‘हाउ आर यू?’ पहिल्याच आठवड्यात मॅडमनी तृप्तीला तसं विचारलं, तेव्हा तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरं उत्तर दिलं. झोप लागली नाही, आजी आठवते, मेसचं वरण पोटात राहत नाही. वर्गात खसखस पिकली. मॅडमनी समजावलं, “अगं, हा प्रश्न नाहीच. हा नमस्कार आहे. ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ एवढं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.”

“आणि खरंच बरं नसलं तर?”

“तरी फाइनच.”

तृप्ती हुशार. एकदा शिकलेलं ती विसरत नसे. शिवाय हा धडा तिला घरूनही थोडा ठाऊक होता. तिच्याकडची माणसं तापाने फणफणली तरी ‘बरा आहा’ म्हणतात, विचारणाऱ्याला कशाला घोर लावायचा म्हणून. दोन्ही भाषांनी मिळून पोरीचं तोंड बांधलं.

मोठ्या रुग्णालयाची मुलाखत शनिवारी ठरली. त्या आठवड्यात खोलीत सरावाची नुसती झुंबड होती. बुधवारी तृप्तीने नाडी बघायला माझं मनगट धरलं आणि मी दचकलो. मला नाडी नाही, पण गरम-गार मला कळतं. तिची बोटं चटका बसावा इतकी तापली होती. दुसरा हात बेंबीवर दाबलेला होता. डबा तसाच पिशवीत. स्नेहलने विचारलं तर म्हणाली, भूक नाही.

गुरुवारी तो हात बेंबीवरून खाली, उजवीकडे सरकला होता. चालताना ती किंचित वाकत होती. आता माझी कशी तगमग झाली ते ऐका. महिन्याभरापूर्वी पोट तपासायचा धडा माझ्यावरच झाला होता. मॅडमनी माझ्या पोटावर, उजव्या बाजूला खाली, निळ्या पेनाने एक गोल काढला होता. तो पुसला गेला नाही, अजूनही आहे. तृप्तीचा हात तिच्या पोटावर नेमका त्याच जागी होता. त्या दिवशी सगळ्या वर्गाने माझ्याभोवती उभं राहून पाढ्यासारखं एक वाक्य घोकलं होतं. ‘सडन रिलीफ ऑफ पेन इज अ डेंजर साइन.’ दुखणं एकदम थांबलं तर आत काही फुटलं असेल, धोका समजावा. सगळ्यांत मोठा आवाज तृप्तीचा होता. पण ते वाक्य इंग्रजीत होतं, ते माझ्या पोटाचं होतं, आणि तिला दुखत होतं ते तिच्या भाषेत. दोन्हींची गाठ पडली नाही.

मॅडमना सांगितलं तर त्या दवाखान्यात पाठवतील, मुलाखत हुकेल, हे ती जाणून होती. मला म्हणाली, “शनिवारपर्यंत काढते रं, गोटीराम. मग दाखवते.”

शुक्रवारी रंगीत तालीम होती. स्नेहल नर्स झाली. तृप्ती पडद्यामागे, माझा आवाज. कार्डावर होतं, मोटारसायकल घसरून पाय मोडला आहे.

“गुड मॉर्निंग, सर. हाउ आर यू फीलिंग टुडे?” स्नेहलने माझ्यावर वाकून विचारलं.

 पडद्यामागून आवाज आला, “पेन.”

“व्हेअर इज द पेन, सर?”

“स्टमक. फर्स्ट मिडल. नाउ राइट साइड, डाउन. फूड नॉट गोइंग. आय ॲम अफ्रेड, सिस्टर.”

माझं सगळं प्लास्टिक शहारलं. स्वतःच्या नावावर जे तिला सांगता येत नव्हतं, ते तिने माझ्या नावावर सांगितलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडी आलेलं ते पहिलं खरं बोलणं.

“थांबा, थांबा,” मॅडम उठल्या. घाईत त्या स्वतःच मराठीत बोलल्या. “तृप्ती, कार्डावर पाय आहे. पोट कुठून आणलंस? उद्या तिथे असा घोटाळा केलास तर?” मुली हसल्या.

“सॉरी, मॅडम.”

“पुन्हा. वाचून बोल.”

मग तिने वाचलं. माझा पाय फार दुखतोय, सिस्टर, कृपा करून काहीतरी द्या. एकेका शब्दाला तिचा श्वास तुटत होता. मॅडमचा चेहरा खुलला. “हे ऐका. याला म्हणतात रुग्णाचा आवाज. व्हेरी गुड, तृप्ती.” वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी पडून त्या टाळ्या ऐकल्या आणि मला माझ्या मिटलेल्या डोळ्यांची लाज वाटली.

पडदा सरकवून ती बाहेर आली तेव्हा मॅडमनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “आर यू ओके?”

“फाइन, मॅडम. थँक यू. अँड यू?”

उच्चार अगदी स्वच्छ होता. मॅडमनी मान डोलावली.

दुपारी सगळ्या जेवायला गेल्या. तृप्ती गेली नाही. तिने मला भिंतीकडे ढकललं आणि माझ्या खाटेच्या कडेला, गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाली. जिवंत माणूस माझ्या शेजारी असं पहिल्यांदाच निजलं होतं. ती कण्हत होती, आणि ते कण्हणं कुठल्याच कार्डावरचं नव्हतं. कितीतरी वेळाने तिचं अंग सैल पडलं. तिने पाय लांब केले, एक मोठा श्वास सोडला आणि माझ्याकडे तोंड करून हसली.

“थांबलं, गोटीराम. दुखायचं थांबलं एकदाचं.”

अरे, हे ते वाक्य आहे. तूच घोकलं होतंस. मी ओरडत होतो, जेवढं मला ओरडता येतं तेवढं, म्हणजे काहीच नाही. खिडकीबाहेर द्वारकेचे हॉर्न वाजत होते. माझं सारं आयुष्य आजारी माणसाची नक्कल करण्यात गेलं, आणि खरा आजारी माणूस शेजारी असताना मला एक बोट हलवता आलं नाही.

स्नेहल डबा घेऊन आली. दारावरच्या पाटीची सवय, म्हणून तिने दारातूनच विचारलं, “हाउ आर यू?”

“आय ॲम फाइन,” तृप्ती म्हणाली. या खेपेला तिला ते खरंच वाटत होतं.

स्नेहल वळली. दोन पावलं गेली असेल. मग परत आली, दार लोटून घेतलं आणि खाटेशी उभी राहिली.

“इंग्रजीतलं झालं. आता मला सांग. मघाशी पडद्यामागून कोण बोललं, गोटीराम का तू?”

तृप्तीने तोंड माझ्याकडे वळवलं.

“मी तुलाच विचारते गं.”

“मी,” तृप्ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. “लय दुखत होतं. बुधवारपासून. पण आता नाय दुखत. आत्ताच एकदम थांबलं बघ.”

स्नेहलने तिच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ढकलाढकलीत माझा गाऊन वर सरकला होता. तिची नजर माझ्या पोटावरच्या निळ्या गोलाकडे गेली, तिथून तृप्तीच्या हाताकडे. तिचे ओठ हलले. “सडन रिलीफ…” एवढंच पुटपुटली, आणि डबा तिथेच टाकून बाहेर धावली. “मॅडम, लवकर या. तृप्तीचं पोट फुटलंय आतून.” ती मराठीत ओरडत होती आणि तिला कुणी अडवलं नाही.

ज्या स्ट्रेचरवर रोज मला उगाचच फिरवत, त्यावरून तृप्तीला नेलं. खोलीत मी राहिलो आणि जमिनीवर सांडलेली मेथीची भाजी.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पू सगळ्या पोटात पसरला होता, ती बरेच दिवस दवाखान्यात होती. आणखी उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी मॅडमना सांगितलं आणि मॅडमनी ते कुणाला सांगितलं नाही. शनिवारची मुलाखत झाली. स्नेहलची निवड झाली, पण तिने पेढे वाटले नाहीत.

एका संध्याकाळी मॅडम एकट्याच येऊन माझ्या खाटेवर बसल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, “मला अभिनय वाटला रे.”  जाताना त्यांनी दारावरच्या पाटीला हात लावला, ती काढतात की काय असं मला वाटलं. त्यांनी ती काढली नाही. काढून करणार काय? मुलाखत घेणाऱ्यांच्या दारावर ती न दिसणारी का होईना, आहेच.

महिन्याभराने तृप्ती वसतिगृहातली ट्रंक न्यायला आली. गालफडं बसलेली, एक हात टाक्यांवर. बरोबर बारकू आणि भिमाबाई. बारकू दाराबाहेरच उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, “जूनमध्ये ये, तुला परत वर्गात बसवते.” तृप्ती म्हणाली, “बघते, मॅडम.” यंदा ती आजीला खोली देणार होती. त्याऐवजी तीच आजीबरोबर जीपमधून परत निघाली होती.

भिमाबाई चालत चालत माझ्यापाशी आली. तिला कमी दिसतं. तिने मला पाहिलं, शेजारचं स्टूल ओढलं आणि बसली. सुरकुतलेला हात माझ्या हातावर ठेवला. माझा हात गार लागला तेव्हा तिला वाईट वाटलं असावं, कारण तिने तो दोन्ही हातांत घेऊन चोळला.

“कसा आहास रं बा?” तिने विचारलं.

आणि ती थांबली. हो, थांबली. मान थोडी कलती करून, कान माझ्याकडे करून. बाहेरून बारकू म्हणाला, “आये, जीप सुटंल,” तरी ती हलली नाही. मला आजवर हजारांनी विचारलं असेल, चांगल्या इंग्रजीत, वाईट इंग्रजीत. उत्तरासाठी कुणी बसून राहिलं नव्हतं.

मॅडम काही सांगायला पुढे झाल्या. तृप्तीने त्यांना हातानेच थांबवलं.

“तो निजला आहा गं, आजी,” ती म्हणाली.

“निजू दे मंग,” म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. “जागा झाला का सांग त्याला, मी इचारत होती.”

दारात तृप्ती वळून “येते” म्हणाली. जाताना ‘जाते’ म्हणायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे ती खरंच परत येणार आहे का, हे मला त्यावरून समजलं नाही.

आता माझ्या खाटेवर नवा डमी आहे. त्याच्या छातीत स्पीकर बसवलाय. बटण दाबलं की तो स्वच्छ इंग्रजीत दुखतंय म्हणतो, दुसरं दाबलं की फाइन म्हणतो. हिरव्या पडद्याची गरज राहिली नाही, तो काढून टाकला. म्हणजे आता त्याच्या मागे बसून, माझ्या नावावर, स्वतःचं दुखणं सांगायचीही कुणाला सोय उरली नाही. या विचाराने मला फार अस्वस्थ वाटतं.

मला जिन्याखालच्या अडगळीत ठेवलंय, तुटक्या खुर्च्यांमध्ये, अंगावर जुनी चादर टाकून. पोटावरचा निळा गोल तसाच आहे. माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. कुणाला ‘कसा आहेस’ विचारलंत आणि तो पटकन ‘बरा’ म्हणाला, ‘फाइन’ म्हणाला, तर दोन पावलं गेल्यावर स्नेहलसारखं परत या. त्याच्या घरी जी भाषा बोलतात त्या भाषेत पुन्हा विचारा, आणि मग जरा बसा.

जिन्यावरून रोज पावलं जातात. त्यांत एखादं सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून चढणारं पाऊल येतं का, म्हणून मी कान देऊन असतो. उत्तर माझ्याकडे तयार आहे. मी बरा नाही. आणि मी झोपलेलोही नाही.

जागाच आहे मी, भिमाबाई.